टॅगवाले, कोडवाले आणि मधला महिरपी कंस

"यात कोड लिहावाच लागत नाही, नुसते टॅग टाकायचे," असं ज्या ज्या तंत्राबद्दल मला आजवर सांगण्यात आलं, त्या प्रत्येक तंत्रात मी शेवटी रात्री जागून कोडच लिहिला आहे. आणि "टॅगबिग काही नको, सगळं कोडनं होतं," असं छातीठोकपणे सांगणाऱ्या तंत्रांत दोन-तीन वर्षांनी कुणीतरी टॅगसारखं दिसणारं काहीतरी गुपचूप आणून ठेवलंच आहे. तुम्ही फोनवर जी बटनं दाबता, जे रकाने भरता, ज्या याद्या वरखाली सरकवता, ते घडवण्याचा आमचा धंदा. त्यात हे भांडण गेली पंचवीस-तीस वर्षं चालू आहे. दोन्ही बाजूंना पगार मिळत असल्यामुळे ते मिटवायची घाई कुणालाच नाही.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही (आणि म्हणून जे सुखी आहेत) त्यांच्यासाठी थोडा खुलासा. लग्नपत्रिका म्हणजे टॅग. चि. अमुक आणि चि. सौ. कां. तमुक, अमक्या तारखेला, अमक्या मुहूर्तावर, अमक्या कार्यालयात. खाली 'कृपया आहेर आणू नये'. काय आहे ते सांगितलं, विषय संपला. गुरुजींना आणायला गाडी कोण पाठवणार, पहिल्याच पंगतीत मसालेभात संपला तर काय करायचं, हे पत्रिकेत नसतं. ते मुलीच्या मामाच्या डोक्यात असतं. मामा म्हणजे कोड. पत्रिका कुणालाही वाचता येते. मामाच्या डोक्यात काय चाललंय ते मामीलाही ठाऊक नसतं. पत्रिका चार ओळींची आणि मामा खंबीर असला की लग्न नीट पार पडतं. आमच्यात मात्र दर चार-पाच वर्षांनी एखादा उत्साही गृहस्थ उठतो आणि म्हणतो, मामाची गरजच काय, सगळं पत्रिकेतच छापू. मग पत्रिकेत येतं, 'पाऊस आल्यास कार्यक्रम वरच्या हॉलमध्ये. वरचा हॉल दुसऱ्यांना दिलेला आढळल्यास परिशिष्ट तीन पाहावे.' पत्रिका चाळीस पानांची होते, आणि ती वाचून दाखवायला शेवटी मामालाच बोलवावं लागतं.

सुरुवात साधी होती. टिम बर्नर्स-ली यांनी 1991 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये बसून टॅगांची जी पहिली यादी लिहिली, तिच्यात अवघे 18 टॅग होते. शीर्षक, मथळा, परिच्छेद, यादी, पत्ता, दुवा असा मध्यमवर्गीय कारभार. चित्र दाखवायचा टॅगसुद्धा नव्हता. तो 1993 मध्ये मार्क अँड्रीसन यांनी सुचवला. भौतिकशास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत, एवढीच अपेक्षा होती. बटन दाबल्यावर पडद्यावर फुलं पडावीत असं एकाही भौतिकशास्त्रज्ञानं मागितलं नव्हतं.

मग 1995 च्या मे महिन्यात नेटस्केपमधल्या ब्रेंडन आइक यांनी दहा दिवसांत एक भाषा रचली. दहा दिवसांत! आमच्याकडे नव्या माणसाला लॅपटॉप मिळायला याहून जास्त दिवस लागतात. भाषेचं नाव आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि वर्ष संपायच्या आत जावास्क्रिप्ट. आता ही भाषा पानात आणून ठेवायची कशी? तर टॅगात घालून. त्यासाठी 'स्क्रिप्ट' नावाचा टॅग निघाला. ज्या जुन्या ब्राउझरांना हा टॅग कळत नसे, ते आतला सगळा कोड सरळ पानावर छापून टाकत. म्हणून कोडच्या मागेपुढे 'ही नुसती टीप आहे, इकडे बघू नये' अशा अर्थाच्या खुणा घालायची पद्धत पडली. टॅगाच्या घरात राहायचं तर कोडला टीप असल्याचं सोंग घ्यावं लागे. जुने ब्राउझर गेले, तरी त्या खुणा आम्ही पुढे कित्येक वर्षं भक्तिभावानं घालत होतो. का, ते विचारायचं नाही.

दोघांच्या स्वभावात जमीन-अस्मानाचा फरक. टॅगांची भाषा म्हणजे एचटीएमएल; ती चुका पोटात घालते. टॅग बंद करायला विसरा, उलट्या क्रमानं बंद करा, मुळात अस्तित्वातच नसलेला टॅग लिहा. ब्राउझर आपल्या परीनं अर्थ लावून पान दाखवतोच. जावास्क्रिप्टमध्ये एक कंस राहिला की सगळं ठप्प. टॅगांनाही शिस्त लावावी म्हणून 2000 साली एक्सएचटीएमएल आलं. एक टॅग जरी उघडा राहिला तरी पान दाखवायचंच नाही, त्या जागी चूक दाखवायची, असा त्याचा बाणा. फायरफॉक्समध्ये ती चूक पिवळ्याधमक पार्श्वभूमीवर यायची. लोकांनी काय केलं? पानाच्या डोक्यावर 'आम्ही शिस्त पाळतो' अशी पाटी लावली आणि सर्व्हरवरून पान जुन्याच प्रकारचं म्हणून पाठवत राहिले, म्हणजे ब्राउझर पूर्वीसारखाच क्षमाशील राहील. 2009 मध्ये एक्सएचटीएमएलच्या पुढच्या आवृत्तीचं काम गुंडाळण्यात आलं. पाट्या अजून आहेत.

टॅगवाल्यांचा सुवर्णकाळ कोणता म्हणाल, तर ब्लिंक आणि मार्कीचा. ब्लिंक नेटस्केपचा, तो मजकूर लुकलुकवी. त्याची कल्पना बारमधल्या गप्पांतून निघाली, असं त्याच्याशी ज्यांचं नाव जोडलं जातं त्या लू मॉन्टुली यांनीच सांगितलं आहे. 2013 मध्ये फायरफॉक्सनंही तो काढून टाकला. इंटरनेट एक्सप्लोररनं आणलेला, मजकूर सरकवणारा मार्की मात्र अमर आहे. मानकानं त्याला बाद ठरवलं आहे, वापरू नका असं स्पष्ट शब्दांत बजावलं आहे, आणि सगळे ब्राउझर आजही तो निमूटपणे चालवतात. बंद केला तर आपल्याकडची कितीतरी संकेतस्थळं जागच्या जागी थिजतील.

असल्याच एका कार्यालयाच्या संकेतस्थळाची डागडुजी एकदा माझ्याकडे आली. 'सूचना' अशी चौकट, तिच्यात सात-आठ ओळी खालून वर सरकताहेत, आणि प्रत्येक ओळीपुढे 'नवीन' असं लाल लुकलुकतं चित्र. नवीन म्हणजे तीन वर्षांपूर्वीचं. प्रत्येक ओळ हा दुवा. तो दाबायचा तर ओळ आत्ता आहे तिथे बाण नेऊन उपयोग नाही. ती जिथे पोचणार आहे तिथे आधीच दबा धरून बसायचं. 'निविदा' दाबायला जावं आणि 'अनुकंपा भरती' उघडावी. मी म्हटलं, साहेब, हे सरकणं काढून टाकू या. साहेब म्हणाले, "छे छे, सरकलं पाहिजे. साइट जिवंत वाटते. पण माउस नेला की थांबलं पाहिजे."

आता बिचाऱ्या टॅगला माउस कुठे आहे ते काय माहीत? मग टॅगाच्या कपाळावरच कोडच्या दोन टिकल्या लावल्या. माउस वर आला की थांब, गेला की चाल. प्रत्येकी जेमतेम दोन शब्दांचा कोड. साहेब खूश. आमच्यातले टॅगवाले म्हणाले, बघा, टॅगनंच काम झालं. कोडवाले म्हणाले, कोड नसता तर? हा वाद रंगात आलेला असतानाच लोक ते संकेतस्थळ फोनवर बघू लागले. फोनला माउस नसतो. सूचना आता अखंड सरकत असतात.

मार्कीत कोडच्या दोनच टिकल्या होत्या. 1999 मध्ये जावावाल्यांनी जेएसपी आणलं आणि मळवटच भरला. पान एचटीएमएलचं, आणि त्यात जागोजागी टक्क्यांच्या खुणांमध्ये जावाचा कोड. पुण्यात त्या काळी ज्यांनी नोकरीला सुरुवात केली, त्यांनी असं पान हमखास पाहिलेलं आहे. वर तक्त्याचा टॅग. मग टक्का, आत शिरा: ग्राहकांच्या यादीवर लूप, महिरपी कंस उघडा. टक्का, बाहेर या: तक्त्याची एक ओळ. टक्का, पुन्हा आत: बाकी उणे असेल तर, महिरपी कंस उघडा. टक्का, बाहेर: लाल रकाना. टक्का, आत: कंस बंद, नाहीतर, कंस उघडा. टक्का, बाहेर: काळा रकाना. असं करत करत आठशेव्या ओळीवर पोचलं की तळाशी टक्क्यांच्या तीन-चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीत एकेकटा महिरपी कंस. आजूबाजूला चिटपाखरू नाही. कुठला कंस कुणाचा, हे फक्त लिहिणाऱ्याला माहीत, आणि लिहिणारा अमेरिकेला गेलेला. शाळेत पायरी-पायरीनं का होईना, महिरपी कंस सुटायचा तरी. इथे एका कंसाशेजारी कुणीतरी टीप लिहून ठेवली होती: 'हा काढू नये.' कारण नाही, तारीख नाही, सही नाही. मामा आणि कंस यांचा संबंध पुराणकाळापासूनचा आहे. तो सुखाचा नाही, हेही आपल्याला ठाऊक आहे.

डिझायनर मंडळी हेच पान आपल्या सॉफ्टवेअरमध्ये उघडत, बटन दोन पिक्सेल डावीकडे सरकवत आणि सेव्ह करत. ते सॉफ्टवेअर सद्‌भावनेनं पान स्वच्छ करून देई, आणि स्वच्छतेचा पहिला बळी तो एकटा कंस असे. दुसऱ्या दिवशी सकाळी हा संवाद ठरलेला:

"कंस तू काढलास का?"

"मी कशाला काढू? मी फक्त बटन सरकवलं."

"मग कंस गेला कुठे?"

"कंस म्हणजे काय रे?"

या रोजच्या महाभारतावर उपाय म्हणून टॅगवाल्यांनी क्रांती केली. पानात जावाची एक ओळही नको. जे जे लागेल त्याचा टॅगच करू. 2002 मध्ये जेएसटीएल आलं. त्यात लूपचा टॅग, 'जर'चा टॅग. सगळं छान. फक्त 'नाहीतर'चा टॅग नाही. 'नाहीतर' हवं असेल तर आधी 'निवडा' या अर्थाचा टॅग, त्याच्या पोटात 'जेव्हा'चा, त्याच्या शेजारी 'अन्यथा'चा. तिन्ही उघडायचे, तिन्ही बंद करायचे. कोडमध्ये जे एका ओळीत मावतं त्याला इथे सात-आठ ओळी. 'नाहीतर' या शब्दाशिवाय मराठी घरात एक पोर वाढलेलं नाही, आणि ही मंडळी त्याच्याशिवाय विमा कंपन्यांची सॉफ्टवेअरं लिहायला निघाली होती.

हे दुखणं मूळचं एक्सएसएलटीचं. ती 1999 पासूनची; एक्सएमएल नावाच्या टॅगांवर एक्सएमएलनंच संस्कार करणारी. तिच्यात व्हेरिएबलला एकदा किंमत दिली की ती बदलता येत नाही. मग एक ते दहा आकडे छापायचे कसे? एक टेम्पलेट लिहायचं; त्यानं आपला आकडा छापायचा, त्यात एक मिळवायचा आणि स्वतःलाच पुन्हा हाक मारायची. दहा झाले की थांबायचं. पण थांबवण्यासाठी 'दहापेक्षा लहान' असं लिहावं लागतं, आणि 'पेक्षा लहान'चं चिन्ह म्हणजेच टॅग उघडणारा कोनी कंस! ते सरळ लिहिलं की एक्सएमएलला वाटतं, आला नवा टॅग. म्हणून त्याऐवजी अँपरसँड, एल, टी आणि अर्धविराम असा चार अक्षरी मंत्र म्हणायचा. एक ते दहा मोजायला बालवाडीतल्या मुलाला लागतात दहा बोटं. आमच्या एका सहकाऱ्याला लागला अख्खा शुक्रवार, आणि तो त्या दिवशी स्वतःवर खूश होऊन घरी गेला.

कोल्डफ्यूजनवाल्यांनी 1995 मध्येच ही पंचाईत ओळखली होती. तिथेही सगळंच टॅग: किंमत द्यायचा टॅग, डेटाबेसला प्रश्न विचारायचा टॅग, 'जर'चा टॅग. पण लहान, मोठं, समान ही चिन्हं त्यांनी मोडीत काढून अक्षरांनी लिहायला लावली. शिवाय त्यांच्याकडे 'नाहीतर'चा टॅग होता, त्याबद्दल त्यांना दुवा द्यावा तेवढा थोडा. आणि एवढं सगळं टॅगमय करून झाल्यावर त्यांनी काय दिलं? आणखी एक टॅग, ज्याच्या आत बिनटॅगाचा कोड लिहिता येतो.

सगळ्यांत देखणा संसार फ्लेक्सचा होता. मॅक्रोमीडियानं तो 2004 मध्ये मांडला आणि पुढच्याच वर्षी कंपनीसकट अडोबीच्या घरी गेला. एमएक्सएमएल नावाचे टॅग, अ‍ॅक्शनस्क्रिप्ट नावाचा कोड. खिडक्या, तक्ते, टॅब हे टॅगनं मांडायचे, हालचाल कोडनं करायची. कुठे टॅग संपावा आणि कुठे कोड सुरू व्हावा, यावर आमच्या टीममध्ये ज्या चर्चा झाल्या तेवढ्या प्रॉडक्टवर झाल्या असत्या तर ते खपलं असतं. शेवटी आर्किटेक्ट साहेबांनी फतवा काढला: एमएक्सएमएलच्या फाइलीत कोडची एक ओळ दिसता कामा नये. आठवड्याभरात एकही दिसेना. स्क्रिप्टचा टॅग होता, पण त्यात फक्त 'शेजारची फाइल जोडावी' एवढाच निर्देश. शेजारच्या फाइलीत दीड हजार ओळी. नियम पाळला गेला, साहेब समाधानी.

त्यातच एका नव्या पोरानं कंपायलरला एक आडवळणाची सूचना दिली, की या टॅगांचं तू पुढे काय करतोस ते दाखव. मधल्या फाइली उघडल्या तर काय, कंपायलरनं प्रत्येक टॅगचा अ‍ॅक्शनस्क्रिप्टच करून ठेवलेला. पोरगं धावत साहेबांकडे. "सर, म्हणजे आपण टॅग लिहितो त्याचा शेवटी कोडच होतो?"

"होतो ना."

"मग टॅग कशाला, सर?"

"अरे बाबा, तो कोड आपण लिहिलेला नाही. त्याचा रिव्ह्यू करावा लागत नाही."

टॅगांच्या बाजूनं इतका भक्कम युक्तिवाद मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही.

फ्लेक्समधला वाद मिटायच्या आत, फ्लेक्स ज्यावर चालायचा तो फ्लॅशच आटोपला. एप्रिल 2010 मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी फ्लॅशविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं, 2011 मध्ये अडोबीनं फ्लेक्स अपाची फाउंडेशनच्या ओटीत घातला, आणि 31 डिसेंबर 2020 नंतर फ्लॅश प्लेयरवरूनच हात काढून घेतला. टॅगवाल्यांची आणि कोडवाल्यांची, दोघांचीही फाइल त्यानंतर सारखीच उघडेनाशी झाली. पलीकडे मायक्रोसॉफ्टनंही सिल्व्हरलाइटचा असाच संसार थाटला होता. तो 2021 मध्ये आवरला.

दरम्यान, 2013 च्या मे महिन्यात फेसबुकनं रिअ‍ॅक्ट लोकांपुढे ठेवलं आणि कोडवाल्यांनी उट्टं काढलं. टॅगात कोड नको म्हणता ना? मग घ्या, कोडात टॅग. जेएसएक्स नावाचा हा प्रकार पाहून पुष्कळांनी नाकं मुरडली. 'टॅग वेगळे, कोड वेगळा' हे सोवळं वर्षानुवर्षं पाळलेल्यांना ते सरळसरळ बाटणं वाटलं. वर्ष-दोन वर्षांत तेच लोक रिअ‍ॅक्टच्या मुलाखती घेऊ लागले, हा भाग वेगळा. खरं म्हणजे जेएसएक्समधले टॅग हे टॅग नव्हेतच. आतून प्रत्येक टॅग म्हणजे एका फंक्शनला मारलेली हाक. आणि 'जर'ची रड इथेही चुकली नाही. टॅगांच्या मध्ये महिरपी कंसात 'जर' लिहिता येत नाही, म्हणून लोकांनी दोन अँपरसँडांची युक्ती काढली: डावीकडे तक्रारींची संख्या, मध्ये दोन अँपरसँड, उजवीकडे तक्रारींची यादी. संख्या असेल तर यादी दिसेल, नसेल तर काही दिसणार नाही, असा हिशेब. पण संख्या शून्य असली की जावास्क्रिप्ट शून्याला खोटं ठरवून यादी टाळते, आणि ते खोटं ठरलेलं शून्यच उत्तर म्हणून हातावर ठेवते. रिअ‍ॅक्ट मोठ्या इमानानं ते पानावर छापतं.

एका क्लायंटच्या स्क्रीनवर 'आपल्या तक्रारी' या मथळ्याखाली असं नुसतं 0 उभं होतं. ना चौकट, ना शब्द. आमच्या टेस्टरनं रीतसर बग टाकला, आम्ही दुरुस्तीला घेतला, तर क्लायंटच्या बाजूच्या मॅडमचा फोन. "राहू दे ना ते शून्य. आमच्या साहेबांना फार आवडलंय."

अँग्युलरवाले उलट्या वाटेनं गेले. त्यांनी 'जर' आणि लूप टॅगांच्या अंगावरच चढवले. 'जर'च्या आधी तारा लावायचा. रकाना आणि डेटा दोन्हीकडून बांधायचे असतील तर चौकोनी कंसात गोल कंस घालायचा. आधी कुठला हे विसरू नये म्हणून त्यांच्या अधिकृत मार्गदर्शिकेतच त्याला 'खोक्यातलं केळं' म्हटलेलं आहे. केळं खोक्यात जातं, खोकं केळ्यात जात नाही, हे बी. ई. झालेल्या मुलांना पाठ करावं लागे. 2023 मध्ये सतराव्या आवृत्तीत त्यांनी ताऱ्याला पर्याय आणला आणि सरळ, साधं, घरगुती 'नाहीतर' दिलं. फोनवालेही याच फेऱ्यातून गेले. अँड्रॉइडवर वर्षानुवर्षं पडदा एक्सएमएलच्या टॅगांत लिहीत. 2021 मध्ये गूगलचं जेटपॅक कंपोज पक्कं झालं आणि सगळं कोडमध्ये आलं. अ‍ॅपलचं स्विफ्टयूआय त्याआधी दोन वर्षं. दोन्ही शंभर टक्के कोड. पण लिहिलेलं नीट बघा: स्तंभ, स्तंभात मजकूर, मजकुराखाली बटन. टॅगच ते, कोनी कंस जाऊन महिरपी आले एवढंच.

टॅगवाल्यांची इतकी थट्टा केल्यावर कोडवाल्यांना मोकळं सोडणं बरं नव्हे. त्यांचा रोग वेगळा. टॅग जे फुकट देतो, तेच ते स्वखर्चानं बनवतात. तारखेचा रकाना घ्या. एचटीएमएलमध्ये तो तयार मिळतो. फोनवर फोनचंच कॅलेंडर उघडतं, कीबोर्डवर चालतं, 30 फेब्रुवारी स्वीकारत नाही. आम्ही तो टाकला. पहिल्याच बैठकीत क्लायंटकडचे सर म्हणाले, "महिना आधी का दिसतोय?" तारीख कशी दाखवायची ते ब्राउझर स्वतःच्या भाषेवरून ठरवतो, आणि त्यांचा ब्राउझर अमेरिकी इंग्रजीवर होता. मी सांगितलं, सर, दिसतं कसंही, आत मात्र कायम वर्ष-महिना-दिवस असंच जातं. ते म्हणाले, "आत जाऊ दे हो. डेमो माझ्या मशीनवर आहे."

झालं. टॅग गेला, कॅलेंडरची लायब्ररी आली. लायब्ररीनं येताना आणखी दोन लायब्रऱ्या आणल्या. मग कॅलेंडर फोनच्या पडद्याबाहेर सांडू लागलं, त्याचा बंदोबस्त. अर्ज निवृत्तिवेतनाचा असल्यामुळे जन्मतारीख 1950-55 च्या आसपासची, आणि कॅलेंडर उघडे चालू महिन्यावर. ज्येष्ठ नागरिकांना बाण दाबत दाबत महिन्या-महिन्यानं मागे जावं लागे. एका आजोबांनी हेल्पलाइनवर कळवलं, की मी आणीबाणीपर्यंत आलोय, अजून किती? त्याचाही बंदोबस्त. मग बंदोबस्ताचा बंदोबस्त. या सगळ्यानंतर टेस्टरनं शोध लावला की सरांच्या ब्राउझरची भाषा 'इंग्रजी (भारत)' केली असती, तर जुन्याच टॅगमध्ये दिवस आपोआप आधी आला असता. तोवर बिल निघालं होतं, त्यामुळे शोधाची वाच्यता झाली नाही.

बटनाचं प्रकरण याहून गंभीर, आणि इथे मला हसू येत नाही. एचटीएमएलमध्ये बटनाचा टॅग पहिल्या दिवसापासून नसला तरी तुमच्या-माझ्या नोकरीच्या आधीपासून आहे. तो डिझायनरला दिसायला आवडत नाही, म्हणून पोरं साधी चौकट घेतात, तिला रंग देतात आणि 'क्लिक झालं की हे कर' असा कोड चिकटवतात. दिसतं अगदी बटन. पण कीबोर्डच्या टॅबनं त्याच्यावर जाता येत नाही, एंटर दाबून चालत नाही, आणि जो अंध माणूस स्क्रीन रीडरच्या आधारानं पान ऐकतो, त्याला ते बटन आहे हे कळतच नाही. त्याच्यासाठी तिथे फक्त 'पैसे भरा' असा मजकूर आहे. भरायचे कुठे ते गुपित. मग तक्रार येते, आणि कोडवाले कामाला लागतात: ही चौकट बटन आहे अशी नोंद लावा, टॅबच्या रांगेत घ्या, एंटरसाठी कोड, स्पेसबारसाठी वेगळा कोड. पंधरा-वीस ओळी लिहून शेवटी जे मिळतं, ते बटनाच्या टॅगमध्ये लिहिणाऱ्याच्या खिशाला तोशीस न पडता मिळत होतं.

2006 मध्ये बर्नर्स-ली यांच्याच मताला धरून वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या तांत्रिक गटानं 'किमान ताकदीचा नियम' नावाचं टिपण काढलं. काम भागेल अशी सगळ्यांत दुबळी भाषा निवडा, असा त्याचा सांगावा. पटण्यासारखं आहे. मेख फक्त 'काम भागेल' यात आहे, कारण काम भागलं की नाही हे क्लायंटच्या साहेबांनी ठरवायचं असतं. माझी मोजपट्टी गावठी आहे. टॅगात एक 'जर' आला तर खपवून घ्यावा. त्या 'जर'च्या पोटात दुसरा 'जर' दिसला की उठावं, कोडच्या फाइलीत जावं आणि तिथे चारचौघांसारखा कोड लिहावा. त्यात कमीपणा नाही. आणि कोड लिहायला बसण्यापूर्वी पाच मिनिटं, याचा टॅग आधीच निघालेला नाही ना, एवढं बघावं. उघडमीट होणारा मजकूर टॅगनं होतो. पुढ्यात येणारी संवादाची खिडकी 2022 पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत टॅगनं होते. मुलाखतीत हे विचारत नाहीत, म्हणून पोरांना माहीत नसतं.

तेव्हा ज्यांच्या हातात आज एखादी स्क्रीन आहे त्यांना हात जोडून विनंती: जे दाबायचं आहे त्याला बटनाचाच टॅग लावा, नटवायला सीएसएस आहे. आणि तारखेचा रकाना टाकलात, तर डेमोच्या आदल्या दिवशी क्लायंटकडे चहाला म्हणून जा आणि त्यांच्या ब्राउझरची भाषा बदलून या.